पंखे फिरतात पण स्क्रीन काळी: ‘मदरबोर्ड गेला’ मान्य करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या एक शिक्षिका गणपतीला कोकणात गावी गेल्या. जाताना डेस्कटॉपचा प्लग काढून ठेवला. दहा-बारा दिवसांनी परत येऊन बटण दाबलं तर पंखे फिरतात, समोरचा दिवा लागतो, पण मॉनिटर काळाच. मधूनच यंत्र आपोआप बंद होतं आणि पुन्हा सुरू होतं. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड (म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड), ४ जीबीच्या दोन डीडीआर-३ रॅम (यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्या), वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानदारानं पाच मिनिटांत सांगितलं, ‘मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या.’ हार्डडिस्कवर मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आणि शाळेची सगळी कागदपत्रं आहेत.

ताई, तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मी तरी मदरबोर्ड गेला असं म्हणणार नाही. गेला असेलही, पण ते निदान बाकीचं एकेक तपासून बाद केल्यावर, सगळ्यात शेवटी करायचं असतं. बोर्डावर जळाल्याचा डाग समोर दिसत असेल तरच ते पाच मिनिटांत सांगता येतं. एरवी ‘बोर्ड गेला’ म्हणणं म्हणजे तपासायला वेळ नाही असं सांगणं, आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाला मोजावी लागते. मला या गोष्टीचा मनापासून राग आहे. असे ‘गेलेले’ कितीतरी बोर्ड रॅम पुसून किंवा सेल बदलून सुरू झालेले माझ्या टेबलावर मी पाहिले आहेत.

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत गोष्टी ठरलेल्या क्रमानं घडतात. भिंतीवरचा स्विच चालू केला की एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, बोर्डाला ५ व्होल्टची एक छोटी वीज सतत देत राहतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा बोर्ड एसएमपीएसला इशारा करतो आणि मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइनी सुरू होतात. त्या स्थिर झाल्या की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस ‘वीज ठीक आहे’ असा उलटा इशारा पाठवतो. तो मिळाल्यावरच प्रोसेसर जागा होतो, बायोसच्या (बोर्डावरच्या, यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चिपमधली पहिली आज्ञा वाचतो, रॅम तपासतो, मग डिस्प्ले सुरू करतो आणि अगदी शेवटी हार्डडिस्ककडे वळतो. तुमचं यंत्र पंख्यांपर्यंत पोचतंय आणि डिस्प्लेच्या आधी अडतंय. म्हणजे विंडोज, व्हायरस, हार्डडिस्क यांचा इथे संबंध नाही. कुणी ‘विंडोज नवीन टाकू, ठीक होईल’ म्हणालं तर ऐकू नका. फॉरमॅट मारून डिस्प्ले येत नसतो.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे ते दहा-बारा दिवस. रोज चालणारं यंत्र भाद्रपदात प्लग काढून बंद राहिलं, तेवढ्यात आत तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली गोष्ट सेल. बोर्डावर एका रुपयाच्या नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२. प्लग लावलेला असतो तेव्हा बोर्डावरचं घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज एसएमपीएसच्या त्या छोट्या ५ व्होल्टवर चालतात आणि सेलवर भार नसतो. प्लग काढला की सगळं त्याच्यावर येतं. आठ-दहा वर्षं जुना सेल रात्रभर तग धरतो, दहा दिवस नाही धरत. सेल उतरला की सेटिंग्ज पुसली जातात, बोर्ड रॅमची ओळख नव्यानं करायला बसतो आणि त्या खटपटीत एक-दोनदा आपोआप बंद होऊन सुरूही होतो. तुम्ही नेमकं हेच लक्षण लिहिलं आहे. काही बोर्ड तर सेल पूर्ण मेला की डिस्प्लेच देत नाहीत.

दुसरी गोष्ट दमट हवा. रॅमच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. डीडीआर-३ ला अशा २४०, दोन्ही बाजूंना १२०. यंत्र रोज चालतं तेव्हा आतल्या उष्णतेमुळे ओल टिकत नाही. दहा दिवस थंड पडलं की धूळ आणि ओल मिळून त्या पट्ट्यांवर एक पातळ थर बसतो. डोळ्यांना तो दिसतही नाही. पण २४० पैकी मोजक्या पट्ट्यांनी जरी नीट स्पर्श केला नाही, तरी बायोसला रॅम सापडत नाही. मुंबई-ठाणे-कोकणात पावसाळा संपता संपता ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून जी यंत्रं येतात, त्यांत रॅमच्या या तक्रारी सर्वांत जास्त असतात.

तिसरी गोष्ट एसएमपीएस. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, वयानं कमजोर होतात. ते चालू आणि गरम असेपर्यंत काम भागवतात, पण एकदा पूर्ण थंड पडले की पहिल्या धक्क्याला लागणारी ताकद त्यांच्यात उरलेली नसते. म्हणूनच वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली यंत्रं लांबच्या सुट्टीनंतर किंवा मोठ्या भारनियमनानंतर उठत नाहीत. तुमच्याकडे पंखे फिरताहेत, म्हणून मी एसएमपीएसला तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पण निर्दोष सोडत नाही.

तपासणी सुरू करण्याआधी फोटोंचा बंदोबस्त करा. हार्डडिस्क कॅबिनेटमधून काढून घ्या: दोन केबल आणि चार स्क्रू. ती शाबूत असण्याची शक्यता खूपच जास्त आहे, कारण तिची पाळी यायच्या आतच यंत्र अडतंय. साटा-टू-यूएसबी ॲडॅप्टर मिळतो, तो लावून कुठल्याही लॅपटॉपवर ती उघडते. मात्र डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. त्यामुळे वेगळा चार्जर असलेलाच ॲडॅप्टर घ्या. फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. लॅपटॉपनं ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा आणि तिथेच थांबा. यंत्र पुन्हा दुकानात द्यायची वेळ आली तर डिस्क घरी ठेवून द्या. नो डिस्प्लेच्या दुरुस्तीला तिची गरज नसते, आणि घरचे फोटो परक्या टेबलावर पडून राहायचं काही कारण नाही.

आता बाहेरची तपासणी. मॉनिटर स्वतः जिवंत आहे का ते बघा. केबल काढून त्याला वीज दिली की ‘नो सिग्नल’ असं काहीतरी उमटलं पाहिजे. मग यंत्र चालू करून मिनिटभरानं कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आत व्यवस्थित उठलंय, फक्त चित्र बाहेर येत नाहीये. मग दोष केबलचा, पोर्टचा किंवा मॉनिटरचा. दिवा ढिम्म राहिला तर आत शिरायचं. तुमच्या आय-फाइव्हमध्ये ग्राफिक्स अंगभूत असल्यामुळे केबल बोर्डाच्याच पोर्टला लागेल. ज्यांच्याकडे वेगळं कार्ड आहे त्यांनी केबल कार्डाला लावली आहे ना, हे नीट पाहावं. घर झाडताना केबल निघते आणि परत लावताना चुकीच्या जागी बसते, हे फार वेळा होतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसतं, तिथे बोर्डाच्या पोर्टातून चित्र कधीच येणार नाही.

पेनड्राइव्ह, प्रिंटर, वायफायचा डोंगल असं यूएसबीला लावलेलं सगळं काढा. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टात टॉर्च मारून आतली पट्टी वाकलेली नाही ना बघा. ती पत्र्याला टेकली की अख्खं यंत्र अडतं.

आता कॅबिनेट उघडायचं. प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग समोरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. झाकण काढल्यावर कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. कोणती वायर कुठे होती याचा वाद नंतर राहत नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावून मगच पुढे जा. अंगातल्या स्थिर विजेची भीती डोंबिवलीच्या पावसाळी हवेत कमी असते. नागपूर-अकोल्याकडे हिवाळ्यात मात्र ती खरीच असते, तिकडच्यांनी हे विसरू नये.

आधी नुसतं बघा आणि वास घ्या. जळका वास एसएमपीएसच्या जाळीतून येतोय का? बोर्डावर झुरळं, मुंग्या, पालीची विष्ठा दिसते का? बंद घरातली उबदार, अंधारी जागा म्हणून ही मंडळी तिथेच येतात, आणि त्यांच्या मुत्रानं बोर्डावरच्या बारीक रेषांना हिरवा गंज चढतो. वायरी उंदरानं कुरतडलेल्या नाहीत ना तेही पाहा. धूळ मऊ ब्रशनं झाडा. ब्लोअर वापरलात तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, हवेच्या झोतानं ते भरमसाट वेगानं फिरू देऊ नका. प्रोसेसरच्या पंख्याखालचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, चार प्लास्टिकच्या पायांवर बसतो. चारही पाय बोर्डात रुतलेले आहेत का ते हलवून बघा. एखादा सुटला तर प्रोसेसर तापतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं.

मग रॅम. हे काम मी सावकाश सांगतो, कारण तुमच्या यंत्राचं उत्तर इथेच मिळण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

रॅम ज्या खाचेत बसते त्या स्लॉटच्या टोकाची पांढरी किंवा काळी खिट्टी बाहेर ढकला. रॅम थोडी वर उचलली जाते. दोन्ही टोकांना धरून ती सरळ वर काढा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. उजेडाकडे तिरकी धरलीत तर काही पट्ट्या चमकदार आणि काही मंद, तपकिरी झाक असलेल्या दिसतील. ती मंद झाक हाच तो थर. एक कोरं पांढरं खोडरबर घ्या, शाईवालं निळं-लाल नको, त्यात कणीदार पूड असते. रॅम टेबलावर कोऱ्या कागदावर आडवी ठेवा आणि वरून कडेकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं पुसा. घासायचं नाही. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, दर महिन्याला रबर मारत बसलं तर तोच निघून जातो. दोन्ही बाजू झाल्या की रबराचा भुगा ब्रशनं पूर्ण झाडा, नाहीतर तोच स्लॉटात जाऊन अडथळा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर फारच उत्तम. सुती कापडावर थोडं घेऊन पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते चिकट राहतं. स्लॉटातही कोरडा ब्रश फिरवा, तोंडानं फुंकर मारू नका. फुंकरीबरोबर थुंकीची वाफ जाते.

परत लावताना फक्त एकच रॅम लावा. खाच जुळवा, दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवा आणि सरळ खाली दाबा. दोन्हीकडून ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे आणि खिट्ट्या आपोआप बंद झाल्या पाहिजेत. नवख्या माणसाला बोर्ड मोडेल अशी भीती वाटते, म्हणून तो अर्धवट दाबतो, आणि पुसून स्वच्छ केलेली रॅमही मग चालत नाही. पुरेसा जोर लावा. प्लग लावून चालू करा आणि दोन मिनिटं थांबा. नाही आला डिस्प्ले, तर तीच रॅम दुसऱ्या स्लॉटात. मग दुसरी रॅम पहिल्या स्लॉटात, आणि शेवटी दुसऱ्या स्लॉटात. दर वेळी प्लग काढून. अशा चार जोड्या होतात, त्यांतली एकही सोडू नका. एक रॅम आणि एक स्लॉट दोन्ही एकाच वेळी खराब असतील तर अर्धवट तपासणीत सगळंच गेलं असं वाटतं.

यातल्या कुठल्याही जोडीवर डिस्प्ले आला तर काम झालं. नाही आला तर सेल काढा. नखानं बाजूची बारीक पत्ती दाबली की तो उडी मारून बाहेर येतो. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, असेल तर मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वरच दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर फेकून द्या. मीटर नसेल तर मोजत बसूच नका, सेल काही महाग नसतो, नवाच आणा. जुना काढल्यावर प्लग काढलेलाच ठेवून दहा मिनिटं थांबा, मग नवा बसवा, अधिक चिन्ह वर. यामुळे बायोस मूळ सेटिंगवर येतो. यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला यंत्र जास्त वेळ घेतं, मध्येच बटण दाबून त्याला तोडू नका. हल्लीच्या डीडीआर-५ च्या यंत्रांत तर पहिल्यांदा रॅम जुळवायला कित्येक मिनिटं लागू शकतात, आणि तेवढ्यात घाबरून लोक प्लग ओढतात.

सेल बदलल्यावरची दोन कामं आधीच सांगून ठेवतो. बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ बरोबर करा, नाहीतर विंडोज उघडल्यावर ब्राउझर बँकेच्या आणि सरकारी साइट असुरक्षित आहेत म्हणून उघडणार नाही. दुसरं म्हणजे साटा मोड, म्हणजे बोर्डानं हार्डडिस्कशी बोलायची पद्धत. एएचसीआय आणि आयडीई अशा तिच्या दोन पद्धती असतात. तुमचं विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असेल आणि बायोस आयडीईवर गेला असेल, किंवा उलट, तर विंडोज निळा पडदा दाखवून परत परत फिरत राहील. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकायची गरज नसते, मोड पहिल्यासारखा करायचा असतो.

अजूनही काळाच पडदा असेल तर यंत्र कमीत कमी भागांवर आणायचं. हार्डडिस्क आधीच काढली आहे. डीव्हीडी ड्राइव्हची केबल, पुढच्या यूएसबीच्या आणि ऑडिओच्या वायरी, असतील तेवढी कार्डं, सगळं सोडवा. उरला फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस. प्रोसेसरजवळ पिवळ्या-काळ्या वायरींचा चार पिनांचा एक वेगळा कनेक्टर असतो, तो काढून पुन्हा घट्ट बसवा. प्रोसेसरची वीज तिथून येते. तो ढिला असला तर पंखे मजेत फिरतात आणि डिस्प्ले मात्र येत नाही. साफसफाईनंतर बंद पडलेल्या यंत्रांत हा कनेक्टर मी आधी बघतो.

आता एक चाचणी, जी अक्षरशः फुकट आहे आणि जी दुकानदारानं केली होती का हे विचारायला हवं. बोर्डाला छोटा बझर लावायचा. बऱ्याच स्वस्त कॅबिनेटांत तो नसतोच, वेगळा घ्यावा लागतो. मग दोन्ही रॅम काढून टाकायच्या आणि यंत्र चालू करायचं. बझर ओरडला तर त्याचा अर्थ असा: वीज ठीक आहे, प्रोसेसर जागा झाला, त्यानं बायोस वाचला, रॅम शोधली, ती मिळाली नाही आणि त्यानं तक्रार केली. एवढं सगळं जो बोर्ड करतो तो ‘गेलेला’ नसतो. दोष रॅममध्ये किंवा स्लॉटमध्ये आहे. आवाजाच्या तपशिलात फार शिरू नका, कारण तो कंपनीगणिक बदलतो. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेचा दोष, असुसच्या बोर्डांवर तोच आवाज रॅम सापडत नसल्याचा. आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेतलीच यादी खरी. हल्लीच्या बोर्डांवर बझरऐवजी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहतो तिथे यंत्र अडलंय.

रॅमशिवायही बझर गप्प असेल तर एसएमपीएसकडे वळा. मीटर डीसी व्होल्टवर लावून २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरच्या मागून, वायरीच्या बाजूनं, टोक हलकेच आत घालून मोजता येतं. काळी वायर ऋण. यंत्र बंद पण प्लग लावलेला असताना जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट हवेत. यंत्र चालू असताना पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७, म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे. करड्या वायरीवर, म्हणजे ‘वीज ठीक आहे’च्या इशाऱ्यावर, साधारण ५ व्होल्ट आले पाहिजेत. ते आलेच नाहीत तर प्रोसेसर जागाच होत नाही, आणि बाहेरून दिसताना पंखे फिरत असतात. काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे रंगावर न जाता पिनांचा नकाशा पाहावा.

हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडून एसएमपीएस सुटा चालवायची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. कनेक्टर बोर्डापासून सोडवून ती करायला हरकत नाही. पण त्यातून एवढंच कळतं की तो सुरू होतो. भार पडल्यावर तो टिकतो का, हे कळत नाही. माझ्या मते सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे शेजाऱ्याच्या चालू यंत्रातला एसएमपीएस अर्धा तास उसना घेऊन लावून बघणं.

आणि ताई, एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. आपल्याकडची २३० व्होल्टची वीज आत एसीची डीसी झाल्यावर ३२५ व्होल्टच्या आसपास जाते आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहते. तो उघडणं हे रोज ते काम करणाऱ्याचंच काम आहे. बोर्डावरचे कपॅसिटर मात्र तुम्ही बघू शकता. वरचा भाग फुगलेला किंवा तपकिरी चिकट द्रव आलेला असेल तर तो संपला. अर्थात तुमच्या काळातल्या बोर्डांवर बहुतेक सॉलिड, म्हणजे आत द्रव नसलेले, कपॅसिटर असतात, ते सहसा असे फुगत नाहीत.

एवढ्या सगळ्यानंतर, चालू असलेली दुसरी रॅम लावून, चालू असलेला दुसरा एसएमपीएस लावून, सेल नवा असूनही बझर गप्प आणि पडदा काळा राहिला, तर बोर्डावर संशय घ्यायला हरकत नाही. प्रोसेसर स्वतःहून क्वचितच जातो. तो उचकटून बघायचा मोह आवरा, कारण या पिढीच्या सॉकेटात बारीक वाकणाऱ्या पिना बोर्डाकडे असतात, आणि त्यातली एक जरी वाकली तरी चांगला बोर्डही बाद होतो. बोर्डातही ‘गेला’ म्हणण्याआधी एक पायरी उरते, बायोसची आठ पायांची चिप. ती बिघडली तर चिप-लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरच्या एकेका चिपेच्या दुरुस्तीचं, काम करणारा कारागीर ती प्रोग्रॅमरवर पुन्हा लिहून देतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असं काम करणारे आहेत, आणि आता बऱ्याच जिल्ह्यांच्या गावीही आहेत.

दुकानात परत जाणार असाल तर भांडू नका, फक्त तीन गोष्टी विचारा. रॅम काढून बझर ऐकला का? दुसरा एसएमपीएस लावून पाहिला का? सेल मोजला का? ज्यानं खरंच तपासलं आहे तो आनंदानं सांगेल. उत्तर टाळलं गेलं तर दुसरं दुकान बघा.

बोर्ड खरोखरच गेला असेल तर मात्र खर्चाचा विचार थंड डोक्यानं करा. तुमच्या प्रोसेसरची पिढी २०१३ ची. त्यासाठी आज बाजारात मिळतात ते बोर्ड बहुतेक फारशा माहीत नसलेल्या कंपन्यांचे किंवा जुन्या यंत्रांतून काढलेले असतात. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चं नेहमीचं मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. सेल, रॅम, एसएमपीएस यांवर खर्च करा, कारण तेवढ्यात यंत्र अजून काही वर्षं शाळेच्या कामाला येईल, आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकलीत तर सुरक्षितपणेही येईल. बोर्डावर मोठी रक्कम घालू नका. त्या पैशात थोडी भर घालून नव्या पिढीचं यंत्र घेणं शहाणपणाचं.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली होती. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमुळे थोडी वीज पत्र्यावर उतरते आणि अर्थिंग नसलं की तिथेच थांबते. तिच्यामुळे केबल लावता-काढताना पोर्ट आणि चिपा मरतात. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये ॲडॅप्टरनं घुसवला असेल तर आजच काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पुढच्या वेळी गावी जाताना प्लग काढणं बरोबरच आहे, विजांच्या दिवसांत तर काढायलाच हवा. एरवी पावसाळ्यात यंत्र वापरात नसेल तरी आठवड्यातून अर्धा तास चालू ठेवत जा, आणि कॅबिनेट फरशीवर न ठेवता स्टुलावर ठेवा.

यंत्र सुरू झालं की लगेच झाकण लावू नका. डिस्क परत जोडा, दोन-तीन तास सलग काम करा, मग बंद करून प्लग काढा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी थंड असताना बटण दाबा. पहिल्या झटक्यात उठलं तर दोष रॅमचा किंवा सेलचाच होता. सकाळी पुन्हा अडलं आणि दोन-चारदा बटण दाबल्यावर गरम होऊन उठलं, तर एसएमपीएस संपत आला आहे, तो बदलूनच झाकणाचे स्क्रू लावा.